पक्षी जागचा हलला नाही, म्हणून? सुरतेतील पक्षी-छायाचित्रकारांना खुले पत्र

सुरतेतील मराठी पक्षी-छायाचित्रकारांस,



हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण सरळ आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या घरांतली पुढची पिढी आता हातात कॅमेरा घेऊन रविवारी पहाटे बाहेर पडते. डुमसची चिखलवट, गवियरचे तळे, तापीचे पात्र, आणि दोन दिवस हाताशी असले तर उकाई-सोनगढ किंवा डांगातले महाल गाव, अशी ही फिरती असते. जी लेन्स एकेकाळी फक्त व्यावसायिकांच्या खांद्यावर दिसे ती आता हप्त्याने मिळते, भाड्यानेही मिळते. यात वाईट काही नाही. लूमच्या खडखडाटात आठवडा काढणाऱ्या माणसाला रविवारी तुतारी आणि चिखल्या यांतला फरक कळावासा वाटतो, ही या शहराच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. तक्रार छंदाबद्दल नाही. तक्रार आहे ती फोटो मिळवण्याच्या काही रीतींबद्दल, आणि त्याहून अधिक त्या रीतींच्या समर्थनार्थ हमखास पुढे केल्या जाणाऱ्या एका वाक्याबद्दल: ‘पक्ष्याला काही त्रास झाला नाही हो, तो तर जागचा हललासुद्धा नाही.’ माझा सगळा वाद या वाक्याशी आहे.

आधी कॅमेऱ्याच्या बाजूने जे बोलायचे ते बोलून घेतो. पक्षी ओळखायचा तर तो बंदुकीने पाडावा लागे, असा काळ फार जुना नाही. सलीम अलींच्या पिढीनेही नमुने गोळा केले ते गोळी घालूनच. कॅमेऱ्याने ही गरज बहुतांशी संपवली, आणि त्याचे उत्तम उदाहरण तुमच्या-माझ्या मुलखातले आहे. रानपिंगळा हा लहानसा घुबड-कुळातला पक्षी १८७३ साली ह्यूम या पक्षीशास्त्रज्ञाने शास्त्राला परिचित करून दिला. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले, आणि १८८४ नंतर तो कुणालाच खात्रीने दिसला नाही. मधल्या काळातली एक नोंद मात्र कागदावर होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित संग्राहकाने आपण १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे आपल्या सुरत जिल्ह्यातल्या मांडवीला, हा पक्षी मिळवल्याचे म्हटले होते. त्या नोंदीवर विसंबून झालेला शोध वाया गेला. पुढे उघड झाले ते असे, की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी जुन्या नमुन्यांची उलटतपासणी करून खरी ठिकाणे शोधली, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. या वेळी पुरावा म्हणून पक्षी मारावा लागला नाही, चित्रण पुरले. तेव्हा कॅमेऱ्याचे मोल मला मान्य आहे. फक्त त्याच गोष्टीतून दुसरीही एक बाब निघते, की पक्ष्याची नोंद कशी मिळवली हे त्या नोंदीपासून वेगळे काढता येत नाही. चिठ्ठी खोटी निघाली की सगळा नमुनाच निकामी.

आज रानपिंगळा तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा आणि आपल्या शेजारच्या डांगातही असल्याचे ठाऊक आहे. जगभरात प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. घुबड-कुळातला असूनही तो दिवसा वावरतो, पानगळ झालेल्या झाडाच्या उघड्या फांदीवर उन्हात बसतो. फोटोसाठी याहून सोयीचे घुबड नाही, आणि त्याची अडचण नेमकी हीच आहे. मोबाइलला छोटा स्पीकर जोडून त्याचा आवाज लावला की नर धावून येतो, कारण त्याच्या लेखी त्याच्या हद्दीत परका नर शिरलेला असतो. तो मान वळवतो, जवळच्या फांदीवर येतो, पुन्हा पुन्हा साद घालतो. फोटोत ही ‘पोझ’ दिसते. प्रत्यक्षात तो भक्ष्य सोडून, कधी ढोलीतल्या मादीला नि पिलांना सोडून, नसलेल्या शत्रूशी भांडत असतो. यावर तुम्ही म्हणता की संशोधकही आवाज लावतात. लावतात, आणि रानपिंगळ्याच्या सर्वेक्षणात त्याचा उपयोगही झाला आहे. पण संशोधकाचे काम पक्ष्याचे उत्तर आले की संपते; तुमचे काम तिथून सुरू होते. शिवाय संशोधक एकदा येऊन जातो. तुमच्यामागून पुढच्या रविवारी दुसरा गट येतो, त्याच झाडाखाली उभा राहतो, तोच आवाज लावतो.

या बाबतीत पुरावा एकतर्फी नाही, हेही सांगितले पाहिजे. इक्वाडोरच्या जंगलात हॅरिस आणि हॅस्केल या अभ्यासकांनी पक्षीनिरीक्षक लावतात तसे आवाज मुद्दाम लावून पाहिले; तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन जातींचे वागणे सारखे नव्हते. एका जातीचे पक्षी सुरुवातीला जास्त गायले आणि दोनेक आठवड्यांत त्या आवाजाला सरावले. म्हणजे आवाज लावला की पक्षी संपला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सरावणे म्हणजे नफा नव्हे. हद्दीत कोणी शिरल्याची हाक ऐकूनही न उठणारा नर खऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे काय करील, याचे उत्तर कुणाकडे आहे? आणि ज्या जातीत एकेक जोडी मोलाची आहे, तिच्यावर हा प्रयोग आपण हौसेखातर करावा का? माझ्या मते करू नये. पहिली विनंती म्हणूनच अशी: रानपिंगळ्यासाठी आवाज लावणे पूर्ण बंद, आणि इतर कोणत्याही पक्ष्यासाठी त्याच्या विणीच्या काळात बंद. डांगात वाट दाखवणाऱ्या स्थानिक मुलांना ‘पक्षी दिसला तरच पैसे’ अशी अट घालू नका, हीही त्यातच धरा. पैसे पक्ष्यावर अडकले की स्पीकर खिशातून निघणारच, आणि मग दोष त्या मुलाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

आता त्या मूळ वाक्याकडे वळू. पक्षी उडाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, हे गृहीतक आपल्याला इतके उघड वाटते की आपण ते कधी तपासतच नाही. जेनिफर गिल, केन नॉरिस आणि विल्यम सदरलँड या अभ्यासकांनी २००१ साली ते तपासले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणूस जवळ आल्यावर पक्षी जागा सोडतो की नाही, हे केवळ त्याच्या भीतीवर अवलंबून नसते. दुसरीकडे जायला जागा आहे का, तिथे खायला मिळेल का, तिथवर उडण्याचा खर्च झेपेल का, यावर ते ठरते. ज्याचे पोट भरलेले आहे आणि ज्याला पर्याय आहे तो लवकर उडतो. ज्याला दोन्ही नाही तो बसून राहतो. म्हणजे जो पक्षी तुम्हाला सगळ्यात जवळ येऊ देतो तो सगळ्यात निर्धास्तच असेल असे नाही; तो सगळ्यात अगतिकही असू शकेल. हे एकदा पटले की ‘तो हललासुद्धा नाही’ या वाक्यातला निरागसपणा संपतो. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या हम्बोल्ट पेंग्विनांवर २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याच्याही पुढे जातो. अंड्यांवर बसलेले पेंग्विन वरवर शांत दिसत होते. मात्र माणूस बऱ्याच अंतरावरून गेला तरी त्यांच्या हृदयाचे ठोके वाढत, आणि ते पूर्ववत व्हायला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागे. पेंग्विन आणि तापीकाठची टिटवी एकच नव्हेत, जातीजातीत फरक असतो, हे मी जाणतो. पण बाहेरून दिसणारी स्तब्धता आणि आतली स्वस्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे सिद्ध व्हायला तो दाखला पुरेसा आहे. व्ह्यूफाइंडरमधून ठोके दिसत नाहीत.

दुसरे गृहीतक वेळेचे. ‘आम्ही दहाच मिनिटे होतो.’ खरे असेल. पण जागेचा पत्ता ग्रुपवर पडल्यावर दहा जण येऊन दहा-दहा मिनिटे थांबले तर पक्ष्याच्या वाट्याला शंभर मिनिटे येतात. तुम्ही हिशेब माणशी करता, पक्ष्याला तो एकरकमी भरावा लागतो. त्यामुळे या बाबतीत एकट्या-दुकट्याच्या सद्‌बुद्धीवर विसंबून चालत नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी वाजवी वागला तरी सगळ्यांचा मिळून परिणाम वाजवी होत नाही. म्हणून ‘मी समजून-उमजून वागतो’ या उत्तराने माझे समाधान होत नाही, आणि म्हणून मी ज्या विनंत्या करतो आहे त्या ‘जरा जपून’ अशा नाहीत, ‘करू नका’ अशा आहेत.

डुमस आणि हजिऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यावर हे कसे लागू पडते ते पाहा. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीतला फरक कित्येक मीटरचा असतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हाच तुतारी, चिखल्या, पाणटिवळे यांना खायला मिळते. भरतीला पाणी चढले की ते उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीने बसून विसावतात. त्यांचा दिवस घड्याळाने चालत नाही, पाण्याने चालतो, आणि खाण्याची वेळ वाढवून मिळत नाही. यांतले कित्येक पक्षी मार्च-एप्रिलमध्ये मध्य आशिया आणि सायबेरियाकडे निघतात. निघण्यापूर्वी अंगावर चढवलेली चरबी हीच त्यांची वाटेची शिदोरी. अशा वेळी ‘फ्लाइट शॉट’साठी विसावलेला थवा उडवायचा, तो पलीकडे बसला की चालत जाऊन पुन्हा उडवायचा, हे त्या शिदोरीतून काढून घेणे आहे. एकदा उडवल्याने पक्षी मरत नाही, हे खरे. पण तो किती वेळा उडाला याची मोजदाद तुमच्यापैकी कुणीच ठेवत नाही, कारण तुमच्या आधी तिथे मोटारसायकली, कुत्री आणि दुसरा कॅमेरावाला येऊन गेलेला असतो. हाच प्रकार उजनीच्या पाण्यावर, भिगवणला रोहितांच्या थव्यात होडी घालून होतो. तिथे होडीवाल्याला ‘अजून जवळ घे’ असे सांगणारी व्यक्ती कॅमेऱ्यामागेच बसलेली असते. म्हणून दुसरी विनंती: थवा उडवू नका. भरतीच्या आधी जागा धरून बसा, पाणी चढू द्या, पक्षी आपणच जवळ सरकतात. ज्याला इतका वेळ नाही त्याने त्या दिवशी फोटो न घेता घरी जावे. आणि डुमसपासून विमानतळ जवळ आहे, ड्रोनसाठी परवानगी लागते, हे वेगळे सांगायला नको. परवानगी असली तरी थव्यावर ड्रोन नेणे हे उडवणेच आहे.

घरट्यांबद्दल मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इथले नुकसान सगळ्यात थेट आणि सगळ्यात कमी दिसणारे आहे. पाणी उतरल्यावर नदीच्या पात्रात उघड्या पडलेल्या रेतीवर आणि गोट्यांवर टिटवी, छोटा चिखल्या, आर्ली, नदीसुरय असे पक्षी उघड्यावरच अंडी घालतात. साधारण मार्च ते मे. अंड्यातल्या जीवाला ३७-३८ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. ४०-४१च्या वर तो फार वेळ तग धरत नाही. सुरतेच्या मे महिन्यात दुपारी रेती याहून कितीतरी जास्त तापते. त्यामुळे या पक्ष्यांचे अंड्यांवर बसणे हे उबवण्यासाठी जितके असते तितकेच सावली धरण्यासाठी असते. टिटवी तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार करते. तुम्ही लेन्स घेऊन तिथे आडवे पडता, ती उठते, ओरडत भोवती फिरते, तुम्हाला ‘ॲक्शन’ मिळते. त्या अवधीत अंडी उन्हात असतात. संध्याकाळी ती परत त्यांवर बसलेली दिसली म्हणून सगळे ठीक झाले असे तुम्ही समजता, आणि आतला गर्भ मेला की जगला हे कळायला पुढे बरेच दिवस जावे लागतात. तेव्हा तुम्ही दुसऱ्या नदीवर असता.

झाडावरच्या घरट्याचे दुखणे निराळे. पानांआड विणलेले घरटे फोटोत स्पष्ट दिसत नाही, म्हणून एखादी डहाळी बाजूला बांधली जाते, एखादी छाटली जाते. जी पाने आड येतात तीच ऊन अडवत असतात, तीच कावळ्यापासून लपवत असतात. कावळा माणसाच्या हालचालींवर लक्ष ठेवून असतो. माणसे जिथे घुटमळतात तिथे काहीतरी आहे, एवढे त्याला कळते. कोकणात पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्या बिळे करतो. त्याच्या एकेका बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते, आणि चोचीत पाल किंवा खेकडा धरलेला पक्षी बिळात शिरण्याची वाट पाहत समोरच्या काटकीवर थांबून राहतो. ते छायाचित्र तुम्ही-आम्ही सर्वांनी पाहिले आहे, त्याला भरभरून दादही मिळते. चोचीत घास असूनही तो आत का जात नाही, हे त्या दादीत कुणी विचारत नाही. अनेकदा उत्तर कॅमेऱ्यामागे उभे असते.

कायद्याचे म्हणणे या बाबतीत तुम्हाला वाटते त्यापेक्षा कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याने शिकारीची जी व्याख्या केली आहे तीत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते. बंदुकीने मारणारा आणि घरट्याला त्रास देणारा एकाच व्याख्येत बसतो. अभयारण्यात छायाचित्रणाला परवानगी मिळते, पण २०२२च्या दुरुस्तीनंतर ती अधिवासात बदल न करता आणि अधिवासावर वा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होऊ देता, अशाच छायाचित्रणापुरती आहे. ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्यानुसार विशेष संरक्षित जातींच्या घरट्यापाशी फोटो काढायचा तर परवाना लागतो. आपल्याकडे नदीच्या पात्रात कुणी परवाना विचारायला येत नाही, आणि येणारही नाही. म्हणून ही तिसरी विनंती कायद्याचा धाक घालून नव्हे, तुमच्या विवेकावर टाकून करतो: घरट्याचा फोटो काढू नका. दुरूनही नको, लांब लेन्सनेही नको, कारण तुम्ही दुरून काढलेला फोटो पाहून पुढचा माणूस जवळून काढायला जातो. भारतातल्या अनेक पक्षी-छायाचित्र गटांनी घरट्यांचे फोटो स्वीकारणे बंद केले आहे. सुरतेतल्या गटांनी तसे जाहीर करावे. अभ्यासासाठी घरट्यांची नोंद लागते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो अभ्यास वेगळ्या शिस्तीने, परवानगी घेऊन होतो, आणि त्याचे फळ इन्स्टाग्रामवर पडत नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. हजिऱ्यात कारखाने उभे राहिले, जेट्ट्या झाल्या, खाजणे भरली गेली, तापीत सांडपाणी येते. पक्ष्यांचे खरे नुकसान तिथे होते आहे, आणि तुम्ही चार हौशी पोरांना धारेवर धरता? नुकसानीचा क्रम तुम्ही बरोबर लावता. अधिवास जाणे हे कॅमेऱ्यापेक्षा शतपटीने मोठे संकट आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. चिखलवट जितकी आक्रसते तितके पक्षी उरलेल्या पट्ट्यावर दाटतात, आणि आपणही नेमके त्याच पट्ट्यावर जातो, कारण पक्षी तिथेच उरले आहेत. जायला दुसरी जागा नसलेल्या पक्ष्याबद्दल वर जे म्हटले ते इथे तंतोतंत लागू पडते. शिवाय कारखान्याविरुद्ध बोलायला तुमच्या-माझ्या हाती फार थोडे आहे. आपले पाऊल मागे घेणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

दुसरे म्हणतात, गुराखी आणि मासेमारही रोज तिथूनच जातात. जातात, पण त्यांची वाट ठरलेली असते, ते थांबत नाहीत, पक्ष्याकडे टक लावत नाहीत. बाजूने निघून जाणाऱ्या माणसापेक्षा सरळ रोखून चालत येणारा माणूस पक्ष्याला अधिक धोक्याचा वाटतो, हे अनेक जातींमध्ये पुन्हा पुन्हा दिसले आहे. पक्ष्यासाठीच तिथे जाणारे फक्त आपण आहोत. तिसरे म्हणतात, आमच्या फोटोंमुळे लोकांना पक्ष्यांची ओढ लागते. लागते, यात शंका नाही, पण कशाची ओढ लागते ते फोटोवर ठरते. पार्श्वभूमी पुसून टाकलेला, चौकटभर पसरलेला, डोळ्यात चमक असलेला पक्षी पाहून माणसाला तसाच फोटो हवासा होतो. उद्या एखाद्या चिखलवटीवर काही बांधकाम येणार असेल आणि जनसुनावणीत कुणी उभे राहिले, तर त्याच्या उपयोगी पडेल तो तारीख, ठिकाण आणि थव्याचा आकडा सांगणारा साधा, लांबून घेतलेला फोटो. असे फोटो काढा, नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. त्याच वेळी रानपिंगळा, इतर घुबडे आणि विणीच्या जागा यांचे नेमके ठिकाण कुठेही टाकू नका. ईबर्डसुद्धा संवेदनशील जातींचे ठिकाण जगापासून दडवते. फोटोच्या फाइलमध्ये दडलेले अक्षांश-रेखांशही काढून टाका. पाणथळीचा पत्ता द्यावा आणि घरट्याचा लपवावा, यात विसंगती नाही. एका ठिकाणी चार डोळे अधिक असलेले बरे, दुसऱ्या ठिकाणी नसलेले.

तापीच्या कॉजवेवर हिवाळ्यात येणाऱ्या कुरवांना, ज्यांना सगळे सीगल म्हणतात, गाठिया टाकण्याबद्दल फार लिहीत नाही. बेसन, तेल, मीठ आणि पापडखार हे तिबेटच्या पठारावरून किंवा उत्तर आशियातून आलेल्या पक्ष्याचे अन्न नव्हे. टाकणाऱ्यांपैकी बरेच जण पुण्य म्हणून टाकतात आणि त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पण जो कॅमेरावाला मित्राच्या हाती पुडा देऊन ‘टाक, टाक’ म्हणत सेकंदाला वीस फ्रेम घेतो त्याने पुण्याचे नाव पुढे करू नये. खंड्यासमोर मासे, नवरंगासमोर अळ्या, घुबडासमोर उंदीर ठेवून काढलेले फोटो याच्या पुढच्या पायऱ्या आहेत. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार नाही, परंतु आमिष लावून काढलेला फोटो नैसर्गिक म्हणून दाखवणे ही लबाडी आहे.

याच शहरात दर जानेवारीत, उत्तरायणात मांज्याने कापलेल्या पक्ष्यांसाठी करुणा अभियानाची केंद्रे उघडतात. तुमच्यातले कितीतरी जण तिथे रात्री उशिरापर्यंत राबतात, रक्ताळलेला पंख धरून बसतात. त्या माणसांना मी कठोर कसा म्हणू? तिथे जखम दिसते, कारणही दिसते, म्हणून हात पुढे होतो. उन्हात उघडी राहिलेली अंडी आणि निघण्यापूर्वी खर्ची पडलेली चरबी दिसत नाही, एवढाच फरक आहे.

शेवटचा मुद्दा बक्षिसांचा, आणि तो मी गटांच्या चालकांना, स्पर्धांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना उद्देशून मांडतो. ज्या फोटोला दाद मिळते तसाच फोटो उद्या दहा जण काढतात. नियमांच्या पत्रकांपेक्षा बक्षिसांची यादी जास्त शिकवते. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेने कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या विजेत्या फोटोचे बक्षीस २०१० साली काढून घेतले, कारण तो लांडगा पाळीव असावा असा निष्कर्ष निघाला. २०१८ साली पुन्हा एक बक्षीस रद्द केले, कारण फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. जाहीर झालेले बक्षीस परत घेताना नामुष्की होते. ती त्यांनी पत्करली. आपल्याकडे परीक्षक चौकट, प्रकाश आणि क्षण पाहतात. फोटो कसा मिळाला हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा संकोच त्यांना वाटतो. तो संकोच सोडावा. प्रत्येक प्रवेशिकेसोबत अंतर किती होते, आवाज लावला का, आमिष ठेवले का, जागा विणीची होती का, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. घरट्याचा आणि पिलांना भरवण्याचा फोटो कितीही सुंदर असला तरी बाद करावा, आणि का बाद केला ते जाहीर सांगावे. खोटे उत्तर दिल्याचे नंतर सिद्ध झाले तर बक्षीस परत घ्यावे.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून, २०२० पासून शासकीय पातळीवर साजरा होतो. त्या निमित्ताने छायाचित्रांच्या स्पर्धा आणि प्रदर्शने भरतात, आणि सुरतेतले मराठी छायाचित्रकार त्यांत आपली चित्रे पाठवू शकतात. येत्या पक्षी सप्ताहाआधी सुरतेतल्या प्रत्येक गटाने घरटी, आवाज आणि आमिष यांबाबतचा आपला नियम लिहून काढून सभासदांना कळवावा, आणि आयोजकांनी वरचे चार प्रश्न प्रवेशपत्रिकेवर छापावेत, अशी आग्रहाची विनंती आहे.



आपला,
सुरतेतील एक पक्षीनिरीक्षक